सिरसाळा, उणे दहा

अंटार्क्टिकाला निघाले होते, सिरसाळ्याला जाऊन आले. हे ऐकल्यावर लोक आधी हसतात आणि मग सिरसाळा कुठे आहे ते विचारतात. बीड जिल्ह्यात, परळी तालुक्यात. कापसाचा आणि तुरीचा व्यापार चालतो, मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो आणि पेंग्विन नाहीत. बाकी मला जे हवं होतं ते सगळं तिथे मिळालं.

माझं काम थंडीत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचं. आपल्या खोलीचं तापमान ज्यांना भट्टीसारखं वाटतं आणि शून्याच्या खाली जे सुखाने संसार करतात, असे हे जीव. त्यांच्याकडे बघून आम्ही अंदाज बांधतो की मंगळाच्या मातीखाली किंवा गुरू-शनीच्या बर्फाळ चंद्रांवर कुणी जगत असेल तर कसं जगत असेल, आणि मागे कोणत्या खुणा सोडत असेल. एवढ्या लांब यान पाठवून नुसतं ‘कोणी आहे का घरात’ असं विचारून चालत नाही. काय शोधायचं ते आधी इथे ठरवावं लागतं.

अंटार्क्टिकाच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझा उजवा गुडघा वाकवला. त्यातून जो आवाज आला तो ऐकून त्यांनी माझ्याकडे न बघताच कागदावर काहीतरी लिहिलं. चोपन्नाव्या वर्षी बर्फावर घसरून पडणारी बाई कुणालाच नको असते. मी घरी येऊन दोन दिवस लोकरीच्या मोज्यांकडे बघत बसले.

तिसऱ्या दिवशी अनिताचा फोन आला. अनिता माझी जुनी विद्यार्थिनी, आता धारूरच्या कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, ‘मॅडम, सिरसाळ्याला एक जुना बर्फाचा कारखाना आहे. त्यातली खाऱ्या पाण्याची टाकी बांधल्यापासून एकदाही रिकामी केलेली नाही. तीस वर्षं झाली. उणे दहा अंश. आणि टाकीच्या लाकडी झाकणांना खालून गुलाबी बुळबुळीत काहीतरी धरलंय.’

मी मोजे कपाटात टाकले.

बर्फाच्या लादीचा कारखाना कसा चालतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एका मोठ्या लोखंडी टाकीत भरपूर मीठ घातलेलं पाणी असतं. त्यातून अमोनिया वायूच्या नळ्या फिरतात आणि ते पाणी शून्याच्या बऱ्याच खाली जातं. मिठामुळे गोठत मात्र नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडायचे. डब्यातलं पाणी गोठलं की झाली लादी. खारं पाणी डब्याच्या बाहेर, बर्फ डब्याच्या आत, दोघांची भेट कधी होत नाही. आता शनीचा एक चंद्र आहे, त्याच्या बर्फाच्या कवचाखाली खारट समुद्र आहे. अंधार, थंडी, मीठ. तिथे जायला यानाला वर्षानुवर्षं लागतात. सिरसाळा पुण्याहून एका दिवसात होतं.

‘पण लवकर या,’ अनिता म्हणाली. ‘कारखाना बंद होतोय. शुक्रवारी जेसीबी येणार आहे.’

मंगळवार, कडा

गाडी श्रीकांत चालवत होता. श्रीकांत माझा नवरा, बँकेतून निवृत्त. तेव्हापासून त्याला कुठेही जायचं असतं, फक्त घरात बसायचं नसतं. मागच्या सीटवर थर्माकोलची मोठी पेटी होती, तिच्या तळाशी सुका बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. नमुने थंड ठेवायला तो नेतात. पेटीला पट्टा बांधला होता. मी बिनपट्ट्याची बसले होते, तेव्हा श्रीकांतने आमच्यात कोण महत्त्वाचं ते एकदा बोलून दाखवलं.

नगर सोडल्यावर गाडीचा एसी गेला. काचा खाली केल्या तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम. कड्याला पोचेपर्यंत आम्ही दोघांनीही एकमेकांशी बोलणं बंद केलं होतं. रस्त्याकडेच्या एका हॉटेलात शिरलो. हॉटेलवाल्याने पंखा आमच्याकडे वळवला आणि श्रीकांतला विचारलं, ‘सुशीला देऊ का? गरम हाय.’

श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात असा प्रश्न त्याला माझ्यासमोर कुणी विचारला नव्हता.

‘चुरमुऱ्याची असते,’ मी म्हटलं. ‘खा.’

भिजवलेले चुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट, वर कोथिंबीर. आपल्या पोह्यांची मराठवाड्यातली बहीण म्हणा, पण स्वभावाने जास्त तिखट. श्रीकांतने तीन बशा खाल्ल्या आणि बीडपर्यंत सुशीलेचे गुण गात राहिला.

हॉटेलवाल्याने कुठे निघालात विचारलं, तेव्हा मी भोळेपणाने खरं सांगितलं. मंगळावर जीव असतील का, त्याचा अभ्यास. त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि खुर्ची ओढून बसला. ‘मॅडम, माझ्या पुतणीला मंगळ हाय. कडक हाय म्हणतेत. त्याच्यावर काई निघालंय का आता?’

मी म्हटलं, अजून संशोधन चालू आहे. त्याने समजूतदारपणे मान हलवली. सरकारी कामं वेळ घेतात हे त्याला ठाऊक होतं.

बुधवार, सिरसाळा

अनिता पेपर तपासायला लातूरला गेली होती, पण धारूरच्या घराची किल्ली शेजारणीकडे ठेवली होती. धारूर बालाघाटाच्या कडेवर, त्यामुळे सकाळी अंगाला वारा लागतो. किल्ल्याच्या बाजूला सीताफळाची झुडपं वाळून उभी होती. त्यांच्यावर फळं येतात हे सांगूनही खरं वाटू नये, इतकी कोरडी. आम्ही घाट उतरून सिरसाळ्याला पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि डांबर मऊ व्हायला लागलं होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबोडकी शेड. दार ढकलून आत गेले आणि पहिलं वाक्य ऐकलं ते असं: ‘दार लावा. थंडी भाईर चाललीय.’

बोलणारी बाई साठीची. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, पायात गमबूट, आणि त्या सगळ्यावर पुरुषाचा तपकिरी स्वेटर. बाहेर त्रेचाळीस अंश. या कौसरआपा. कारखान्याचं यंत्र त्या एकट्या चालवत. त्यांचे शोहर युसूफमियाँ इथे मिस्त्री होते, ही टाकी त्यांनीच उभी केलेली. नऊ वर्षांपूर्वी ते गेले.

‘तिसऱ्या दिवशी मालक म्हणले, नवा मिस्त्री बघतो,’ आपा सांगत होत्या. ‘मी म्हणलं, बघा. तवर मशीन चालू केली. नवा मिस्त्री काई आला न्हाई, मी काई थांबले न्हाई.’

त्यांनी सगळं हौसेने दाखवलं. कॉम्प्रेसरचा पट्टा फिरताना ठराविक अंतराने टक् असा आवाज करत होता. टाकीवर लाकडी झाकणांची रांग होती आणि आपण त्या झाकणांवरूनच चालत होतो. एक झाकण त्यांनी उचललं. खालून गार वाफ आली. काळं पाणी, त्यात डब्यांच्या कडा. आणि झाकणाच्या खालच्या बाजूला अनिताने सांगितलेला तो थर, दुधावर साय धरावी तसा.

माझा आनंद मला आवरला नाही. मी म्हणाले, ‘आपा, हे जंतू आहेत. जिवंत आहेत. तुमच्या टाकीत तीस वर्षं जंतू वाढतायत.’

आपांनी झाकण खाली ठेवलं. हलकेच ठेवलं, पण ठेवलं.

‘आमच्या बर्फात किडे हाईत म्हणता?’

‘बर्फात नाही, खाऱ्या पाण्यात.’

‘टाकी आमचीच हाय ना?’ त्या म्हणाल्या. ‘आज टाईम न्हाई मला. लादी काढायची हाय.’

त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा टाकीजवळ फिरकू दिलं नाही. मी हट्ट धरला नाही, कारण कारखान्याच्या मालकांची परवानगी माझ्या खिशात होती. परवानगी खिशात असली की माणूस किती मूर्खपणे निर्धास्त होतो, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

मालक म्हणजे नामदेवआबा. सत्तरीचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, माजी सरपंच, दीडशे माणसं ओळीने नावानिशी सांगणारे. त्यांनी घरी जेवायला नेलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि नको म्हणेपर्यंत नव्हे तर नको म्हटल्यानंतरही तूप. कारखान्याच्या जागी त्यांना मंगल कार्यालय बांधायचं होतं.

‘बर्फाला आता गिऱ्हाईक न्हाई ऱ्हायलं, मॅडम. घरोघर फ्रीज. लग्नं मात्र होतच ऱ्हाणार,’ ते म्हणाले. ‘पण तुमी आमच्या गावातून मंगळावर निघालात म्हणल्यावर सत्कार तर करावाच लागंल. उद्या अकराला.’

मी म्हटलं, मी कुठेही निघालेले नाही, आणि सत्कार नको. आबांनी हे दोन्ही विनयाचा भाग म्हणून धरलं.

गुरुवार, तिथेच

सकाळी सिरसाळ्याच्या फाट्यावर आमचं स्वागत एका फ्लेक्सने केलं. डावीकडे मी, माझ्या संस्थेच्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. मध्ये मंगळ. उजवीकडे आबा, आकाराने मंगळापेक्षा थोडे मोठे. खाली लाल अक्षरांत: ‘आपल्या सिरसाळ्याच्या बर्फात सापडले परग्रहावरील जंतू. हार्दिक अभिनंदन.’

श्रीकांतने गाडी थांबवून तो दोनदा वाचला. ‘कौसरआपांनी वाचला असेल का?’

वाचला होता. कारखान्याच्या दाराला कुलूप होतं. अंगणात मंडप, खुर्च्या, भोंगा, हारांची टोपली, सगळं तयार. कुलपाची किल्ली मात्र आपांकडे, आणि आपा घरात. मालकांकडे दुसरी किल्ली नव्हती. तीस वर्षांत लागलीच नव्हती.

कारखान्याच्या मागेच त्यांचं घर. मी एकटीच गेले. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी उंबऱ्याशी बसले. गुडघ्याने आवाज केला.

‘तुमी शिकलेल्या बाया,’ त्या भाकरीकडे बघतच म्हणाल्या. ‘बोलून निघून जाणार. मला इथंच ऱ्हायचंय. तापलेल्या लेकराच्या डोक्यावर माझा बर्फ गेला. लग्नाच्या मठ्ठ्यात गेला. मयत झाली, पाव्हणे लांबून यायचे हाईत, मयत ठिवायची हाय, तवा रात-दिस न बघता दिला. उद्या कारखाना ऱ्हाणार न्हाई, पर नाव तर ऱ्हायलं असतं. आता काय म्हणतील लोक? कौसरच्या बर्फात किडे होते. कावून केलं असं?’

फ्लेक्स आबांनी लावला हे खरं, पण आबांच्या जेवणावर टाकीतल्या जंतूंचं कौतुक मीच भरल्या तोंडाने केलं होतं. बर्फ वेगळा, खारं पाणी वेगळं, हे सांगायला विसरले होते. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगावंसं वाटलंच नाही.

‘चूक माझी आहे, आपा,’ मी म्हटलं. ‘माफ करा.’

‘मला घरात सांगून काय फायदा? गावाला फ्लेक्सवर सांगितलं. आता भोंग्यावरच सांगा.’

त्यांनी भाकरी उलटली. मी उठले. मला खरं तर भीती वाटत होती. नमुने मिळणार नाहीत ही भीती सकाळी होती. आता वेगळीच होती. एका घराची तीस वर्षं मी दुपारच्या जेवणात सांडून टाकली होती आणि ती भरून काढायला माझ्याकडे फक्त एक भाषण होतं. मी भाषणं फार वाईट करते.

आबा आधी चाळीस मिनिटं बोलले. त्यात चांद्रयान आलं, धारूरचा किल्ला आला, मंगल कार्यालयाच्या पार्किंगची सोय आली. मला शाल, हार आणि नारळ मिळाला. श्रीकांतलाही नारळ मिळाला, तो त्याने इतक्या गांभीर्याने घेतला की लोकांना तोच शास्त्रज्ञ वाटला. मग माइक माझ्या हातात आला.

मी सूक्ष्मजीव, क्षारता, तापमान असं सुरू केलं. तिसऱ्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी बसल्या जागेवरून विचारलं, ‘म्हंजी किडेच ना?’

मी थांबले. हारातली एक पाकळी घशाशी टोचत होती.

‘आजोबा, तुम्ही इथला बर्फाचा गोळा खाल्लाय?’

‘लई येळा.’

‘कधी खारट लागला?’

‘खारट कसा लागंल?’

‘टाकीतलं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट आहे. त्याचा एक थेंब जरी बर्फात शिरला असता, तर पहिल्यांदा तुमच्या जिभेला कळलं असतं. मी ज्या जीवांसाठी आलेय ते त्या खाऱ्या पाण्यात आहेत. बर्फ डब्यात असतो, बंद. तो स्वच्छ होता. फ्लेक्सवर लिहिलंय ते चूक आहे, आणि ती चूक माझ्यामुळे झाली.’

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मागे गडबड झाली. सगळे वळले. कौसरआपा लादी घेऊन येत होत्या. आदल्या दिवशीची लादी, भुशात गुंडाळलेली, हातगाडीवर. कुलूप कधी उघडलं ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी गाडी मंडपासमोर उभी केली, लादी पाण्याने धुतली, टोच्याने तिचा एक तुकडा काढला आणि सरळ स्टेजवर आबांपुढे धरला.

‘चाखा, मालक.’

‘अगं कौसर, मला दाताला—’

‘चाखा. समदे बघतेत.’

माजी सरपंच, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात भगवा गमछा, समोर दोनशे माणसं. आबांनी बर्फ चाखला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

‘गोड हाय,’ ते म्हणाले. भोंग्यातून ते फाट्यापर्यंत गेलं.

मग सगळ्यांनाच हवा झाला. त्या उन्हात बर्फाला कोण नाही म्हणतं? दहा मिनिटांत लादी संपली. आजोबांनी दोन तुकडे घेतले, एक शास्त्रासाठी. कार्यक्रम पुढे झालाच नाही, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

आपा माझ्याजवळ आल्या. ‘चला,’ एवढंच म्हणाल्या. मग श्रीकांतकडे वळून, ‘दुल्हाभाई, तुमी पण या. नारळ ठिवा तिकडं.’

श्रीकांतला मी नंतर समजावून सांगितलं की दुल्हाभाई म्हणजे बहिणीचा नवरा. तो म्हणाला, मला कळलं होतं.

नमुने घ्यायला तीन तास लागले. मी झाकणांमधल्या फटीत पालथी पडून हात खाली घालत होते आणि आपा माझा कुर्ता मागून घट्ट धरून बसल्या होत्या. तापमापक उणे दहा दाखवत होता. अर्ध्या तासात माझी बोटं ऐकेनाशी झाली. आपांनी स्वेटर काढून माझ्या अंगावर चढवला, म्हणाल्या, ‘यांचा हाय. सांभाळून,’ आणि स्वतःच बाही सरसावून टाकीत हात घातला. कुठे थर जाड, कुठे पातळ, कोणत्या कोपऱ्यात पाणी फिरत नाही, हे त्यांना न बघता माहीत होतं. मी नकाशा काढून आणला होता तो खिशातच राहिला. श्रीकांत नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होता, बँकेतल्या सुवाच्य अक्षरात, प्रत्येकीवर तारीख आणि आपली सही.

काम करता करता मी त्यांना शनीच्या त्या चंद्राचं, त्याच्या खारट समुद्राचं सांगितलं. ‘खरंच असल्या पाण्यात कुणी ऱ्हातं का वर? चांदावर?’ आपांनी विचारलं.

‘माहीत नाही. म्हणून तर विचारतोय.’

‘अन् सापडलं तर काय करणार त्याचं?’

इतकी वर्षं निधीसाठी अर्ज लिहितेय, त्यात या प्रश्नाची चांगली चार पानी उत्तरं मी दिलेली आहेत. त्यांतलं एकही मला तिथे सांगावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, ‘काही नाही. आपण एकटे नाही एवढं कळेल.’

त्यांनी भरलेली नळी श्रीकांतकडे दिली. ‘एवढं तर एवढं,’ त्या म्हणाल्या.

चार वाजता शेवटची नळी बंद केली. आपा कॉम्प्रेसरपाशी गेल्या. शुक्रवारी जेसीबी येणार, म्हणून आदल्या दिवशी यंत्र बंद करायचं ठरलेलं होतं. आबांनी माणूस पाठवतो म्हटलं होतं, त्यांनी नको म्हणून सांगितलं. त्यांनी एक चाक फिरवलं, मग दुसरं, मग बटण दाबलं. पट्टा मंदावत गेला. टक्, टक्, मग बऱ्याच वेळाने एक टक्, आणि थांबला. शेडमध्ये इतकी शांतता झाली की पत्र्यावर बसलेल्या चिमण्या ऐकू आल्या. आपा म्हणाल्या, ‘हे पाखरांचं मला म्हाईतच नव्हतं.’

आम्ही तिघंही तिथे उगाच उभे राहिलो. मग त्यांनी फडक्याने कॉम्प्रेसर पुसला, वरून खालपर्यंत, भंगारात जाणाऱ्या यंत्राला पुसावं तसं नाही, शाळेत निघालेल्या मुलाचं तोंड पुसावं तसं.

निघताना त्यांनी गाडीत एक पोतं ठेवलं. कुटलेला बर्फ आणि दोन किलो खडा मीठ. ‘तुमच्या त्या सुक्या बर्फावर माझा भरवसा न्हाई,’ त्या म्हणाल्या.

धारूरचा घाट

घाटाच्या मध्यावर गाडीने वाफ सोडली. श्रीकांतने बॉनेट उघडलं आणि आम्ही दोघं त्याच्यात बघत उभे राहिलो. आम्हाला दोघांनाही काही कळत नव्हतं, पण न बघणं बरं दिसलं नसतं. साडेपाच वाजले होते आणि दगड अजून भाजत होते. चार वाजता नळ्या ठेवल्या तेव्हा पेटीत थोडा तरी सुका बर्फ होता, आता उघडली तर संपलेला. तो वितळत नाही, सरळ हवेत उडून जातो. तीन दिवसांच्या उन्हात त्याने तेच केलं होतं. तळाशी नुसती वर्तमानपत्रं उरली होती.

शून्याच्या खाली राहणाऱ्या जीवांना मरायला त्या उन्हात तासभरही पुरला असता. मी रस्त्याच्या कडेला बसून आपांचं पोतं फोडलं. बर्फात मीठ कालवलं, पेटीत थर दिले, नळ्या खुपसल्या. जुन्या काळी पॉटचं आइस्क्रीम करायचे, तसं. तापमापक खाली खाली जात उणे बारावर थांबला. माझ्याकडे या विषयातली डॉक्टरेट आहे, आणि मी घरून निघताना मीठ घेतलं नव्हतं.

एका ट्रॅक्टरवाल्याने थांबून गाडीला पाणी दिलं. त्याने पेटीत डोकावून विचारलं, ‘आइस्क्रीम हाय का?’ श्रीकांत म्हणाला, ‘जंतू आहेत.’ ट्रॅक्टरवाला जरा घाईनेच निघाला.

पुणे

दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचलो. नमुने थंड पोचले. आणि त्यानंतर काहीही झालं नाही.

नळ्यांतल्या पाण्यावर आम्ही सगळे उपचार केले. टाकीइतकंच मीठ, टाकीइतकीच थंडी, अंधार, चार प्रकारचं खाणं. दोन महिने मी रोज सकाळी शीतकपाट उघडून बघत होते आणि रोज पाणी स्वच्छ. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसत होत्या, पण त्या वाढत नव्हत्या. जिवंत असतील तर रुसलेल्या होत्या. श्रीकांत रोज संध्याकाळी विचारायचा, ‘काही?’ नंतर त्याने विचारणं सोडलं, ते जास्त लागलं. तिकडे टाकीच्या जागी पाया खणला गेला होता. दुसरा नमुना जगात कुठेच नव्हता.

शेवटी मी आपांना फोन केला. काम म्हणून नाही. सांगायला हवं होतं म्हणून. त्या आता कड्याजवळ एका दूध शीतकेंद्रावर यंत्र बघायला लागल्या होत्या. आबांनी मंगल कार्यालयाच्या एसीचं काम देऊ केलं होतं, पण एसीत कसली आलीय थंडी, असं म्हणून त्यांनी ते नाकारलं.

मी म्हटलं, ‘आपा, ते वाढत नाहीत.’

त्यांनी सगळं विचारलं. मीठ किती? सांगितलं. थंडी किती? सांगितली.

‘अन् चुना?’

‘कसला चुना?’

‘चुना टाकत न्हाई? पत्रा सडू न्हाई म्हणून टाकीत चुना टाकावा लागतो. यांनी पयल्या दिवसापास्नं टाकला, मी बी टाकत आले. दर पंधरवड्याला. तुमी विचारलं न्हाई, म्हणून सांगितलं न्हाई. चुन्याबिगर ते कसे जगतील, बाई?’

मी फोन ठेवून भिंतीशी बसले. चुन्याने पाणी अल्कधर्मी होतं, म्हणजे आम्लाच्या उलट. मी ते मोजलं होतं, पण पुण्यात येऊन. सुका बर्फ उडून जाताना जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो नळ्यांच्या बुचांतून आत शिरला होता आणि त्याने चुन्याचा गुण मारून टाकला होता. माझ्या मोजमापात पाणी अगदी साधं आलं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. जिने ते पाणी नऊ वर्षं एकटीने सांभाळलं तिला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आम्ही चुन्याची निवळी घातली. सात आठवड्यांनी एका सकाळी तिसऱ्या कप्प्यातल्या चार नळ्या गढूळ दिसल्या. मी त्या उजेडात धरल्या, ठेवल्या, पुन्हा धरल्या. गढूळपणा इतका किंचित होता की दुसऱ्या कुणाला दाखवला असता तर त्याने नळी धुवायला सांगितलं असतं. उणे दहा अंशांत, अंधारात, मिठात आणि चुन्यात कुणीतरी एकाचं दोन झालं होतं.

मी श्रीकांतला सांगायच्या आधी आपांना फोन लावला.

‘वाढले,’ मी म्हटलं.

पलीकडे दुधाचा कॅन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘हं.’

मी सांगितलं की यावर आम्ही लेख लिहितोय आणि त्यात त्यांचंही नाव असेल, माझ्या नावाशेजारी. त्यांनी विचारलं की किड्याला तर त्यांचं नाव देणार नाही ना. मी म्हटलं, नाही, लेख लिहिणाऱ्यांत. ‘मग चालंल,’ त्या म्हणाल्या. ‘किड्याला द्यायचं तर आबाचं द्या.’

मग त्यांनी विचारलं, ‘त्या चांदावर पाण्यात मीठ हाय म्हणला होता तुमी.’

‘हो.’

‘अन् चुना?’

‘चुना असं नाही म्हणता येणार,’ मी म्हटलं. ‘पण ते पाणी चुन्याच्या निवळीसारखंच असावं असा अंदाज आहे. अल्कधर्मी.’

‘थंडी हाय, मीठ हाय, चुन्यासारखं बी हाय,’ आपा म्हणाल्या, यंत्राचे भाग मोजून घ्यावेत तशा. ‘मग हाईत ते तिथं. जाऊन बघा तेवढं. ठिवते मी, दुधाची गाडी आलीय.’